कोथिंबिरीचं दुकान

गेल्या रविवारी सकाळी धाकटा मावसभाऊ घरी आला. हातात बाकरवडीचा अर्धा किलोचा पुडा. म्हणजे काहीतरी काम असणार, हे बायकोनं दारातच ओळखलं. चहा झाला, मावशीची तब्येत झाली, हिंजवडीचं ट्रॅफिक झालं, आणि मग सॅकमधून लॅपटॉप निघाला. पहिल्याच स्लाईडवर विटांची भिंत, वरून लोंबणारे पिवळे बल्ब, आणि दाढीवाली माणसं कॉफीचे मग घेऊन हसतायत.

मी म्हटलं, "को-वर्किंग?"

तो म्हणाला, "दादा, तुला कसं कळलं?"

कसं कळलं! अरे बाबा, ही स्लाईड मी स्वतः बनवली होती. २०१८ साली. भिंत वेगळी होती, दाढ्या त्याच होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी आणि माझा कॉलेजातला एक मित्र, आम्ही बाणेरला छप्पन्न खुर्च्यांची को-वर्किंग जागा काढली होती. ती २०२० साली बंद पडली. कोणी विचारलं की मी आजवर एकच उत्तर देत आलो: "कोविडनं मारलं यार." समोरचा हळहळतो, मान हलवतो, विषय संपतो. फार सोयीचं उत्तर आहे. आणि ते खोटं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे लॉकडाऊनच्या आधी, आमच्याकडे जवळजवळ सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या आणि तरीही आम्ही बुडत होतो. कोविडनं फक्त आम्हाला सांगण्यासारखं कारण दिलं.

सहा वर्षं हे मी कुठे लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. आता लिहितोय, कारण मावसभाऊ मंगळवारी टोकन द्यायला निघालाय, आणि त्या टोकनामागचे पंचवीस लाख काकांच्या निवृत्तीचे आहेत.

आधी हिशोब. इंजिनियर माणसानं हिशोबापासूनच सुरुवात करावी.

आमची जागा कागदावर ३,२०० चौरस फूट. प्रत्यक्षात टेप लावली तर २,२०० च्या आसपास. बाकीचे हजार फूट जिना, लिफ्ट, लॉबी आणि बिल्डरची कल्पनाशक्ती. भाडं मात्र ३,२०० वर, फुटाला ६० रुपये, म्हणजे १,९२,०००. मेंटेनन्स फुटाला ८, म्हणजे २५,६००. वीज ४५,००० (कमर्शियल दर, वर जनरेटरचं डिझेल). इंटरनेटच्या दोन लाईनी १४,०००. रिसेप्शनवरची मुलगी आणि साफसफाईच्या मावशी मिळून ३८,०००. चहा, कॉफी, पाण्याचे जार १८,०००. बारीकसारीक १५,०००. बेरीज केलीत तर ३,४७,६०० येते. महिन्याला. एकही माणूस आला नाही तरी यातलं बहुतेक सगळं द्यायचंच.

शिवाय सुरुवातीला सहा महिन्यांचं डिपॉझिट, ११ लाख ५२ हजार. आणि इंटिरियर, फुटाला १,२०० प्रमाणे २६ लाख ४० हजार.

एक्सेलमध्ये हे सगळं होतं, आम्ही काही मूर्ख नव्हतो. एक्सेलमध्ये खुर्चीचा दर ७,५०० होता आणि नव्वद टक्के खुर्च्या भरलेल्या होत्या. मीटिंग रूमचे चाळीस हजार वेगळे. त्या हिशोबानं महिन्याला सत्तर हजार सुटत होते आणि साधारण सवातीन वर्षांत इंटिरियर वसूल होत होतं. शीटचं नाव होतं 'फायनल व्ही ७'. सात वेळा सुधारलेली शीट चुकीची कशी असेल?

प्रत्यक्षात ७,५०० कोणीच दिले नाहीत. पहिला माणूस आला, त्यानं पहिला प्रश्न विचारला, "डिस्काउंट?" दुसऱ्यानं समोरच्या बिल्डिंगमधल्या साखळीवाल्यांचं ब्रोशर काढून टेबलावर ठेवलं. तिसरा म्हणाला, आम्ही चौघे आहोत, चौथी खुर्ची फुकट द्या. सरासरी निघाली ५,८००. आमचा सगळ्यात चांगला महिना जानेवारी २०२०. त्या महिन्यात छप्पन्नपैकी सत्तेचाळीस खुर्च्या भरल्या होत्या. २,७२,६०० रुपये आले, मीटिंग रूमचे १४,००० वर. म्हणजे आयुष्यातल्या सर्वोत्तम महिन्यात आम्ही एकसष्ट हजारांनी आत. त्याच महिन्यात आम्ही आनंदानं सगळ्यांना पेस्ट्री वाटली होती, ते पैसे यात धरलेले नाहीत.

दुकान बंद झाल्यावर एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी ती शीट उघडली आणि एक साधा भागाकार केला. ३,४७,६०० भागिले ५,८००. उत्तर आलं ५९.९. म्हणजे ना नफा ना तोटा व्हायला साठ खुर्च्या भरायला हव्या होत्या.

आमच्याकडे छप्पन्न होत्या.

हा भागाकार दोन वर्षांत कधीच केला नव्हता. दोघेही इंजिनियर, दोघेही कॉलेजात गणितात बरे. आम्ही दर सोमवारी 'ऑक्युपन्सी वाढवू या' म्हणून मीटिंग घ्यायचो. शंभर टक्के भरूनही जी जागा तोट्यात जाणार, तिची ऑक्युपन्सी वाढवत होतो.

आणि हा हिशोब सुद्धा खोटाच आहे, कारण त्यात एक ओळ नाहीये. मी नोकरी सोडली नव्हती, शनिवार-रविवार जायचो. माझ्या पार्टनरनं सोडली होती. सकाळी आठला शटर उघडण्यापासून रात्री एसी बंद करण्यापर्यंत तोच. व्ही १ ते व्ही ७, एकाही शीटमध्ये त्याचा पगार नव्हता. 'सुरुवातीला आपण काही काढायचं नाही' असं ठरलं होतं. ते 'सुरुवातीला' वीस महिने चाललं. त्याच्या बायकोच्या पगारावर त्याचं घर चालत होतं आणि माझ्या घरी मी नवी गाडी बघत होतो. यावर आमचं भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. हल्ली दिवाळीला मेसेज येतो, मी पण पाठवतो.

असो.

आता तुम्ही म्हणाल, दर कमी मिळाला तो तुमच्या मार्केटिंगचा दोष. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. मग एका शनिवारी मंडईत भाजी घेताना डोक्यात प्रकाश पडला. मी दोन किलो बटाटे, फ्लॉवर, मटार वगैरे घेतले आणि सवयीनं म्हटलं, "मावशी, थोडी कोथिंबीर टाका." त्यांनी टाकली. पैसे विचारले नाहीत.

साखळीवाल्यांचा धंदा नीट पाहा. ते अख्खे मजले घेतात. त्यातले दोनशे-तीनशे खुर्च्यांचे सलग भाग एकेका मोठ्या कंपनीला देतात, दोन-तीन वर्षांच्या बांधिलकीनं. तिथं त्यांचं भाडं निघतं. कोपऱ्यात ज्या तीस-चाळीस सुट्या खुर्च्या उरतात, त्या फ्रीलान्सरला कितीलाही दिल्या तरी त्यांना चालतं. रिकामी राहण्यापेक्षा चार हजार आले तर चार हजार. ती त्यांची कोथिंबीर. आणि मी बाणेरमध्ये भाजीवाल्याच्या शेजारी, साठ रुपये फुटाच्या गाळ्यात, फक्त कोथिंबीर विकायला बसलो होतो. छान निवडलेली, धुतलेली, पिवळ्या बल्बखाली मांडलेली कोथिंबीर.

यात त्यांचा काही दोष नाही हं. धंदा आहे. दोष माझा, की मी ज्याला 'आपलं मार्केट' म्हणत होतो ती त्यांच्याकडे वर टाकून द्यायची वस्तू होती.

मुळात हा धंदा काय आहे, ते कोणी सरळ सांगत नाही. जागा पाच वर्षांसाठी घ्यायची आणि महिना-महिन्यानं विकायची. घेताना बांधलेले, विकताना मोकळे. मंदी आली की तुमचा मेंबर तीस दिवसांची नोटीस देऊन घरी जातो, मालक मात्र तिथंच. बाकी सगळं, कम्युनिटी, कॉफी, बीनबॅग, हे या एका वाक्यावरचं इंटिरियर आहे.

आणि हे मोठमोठ्यांनाही झेपलेलं नाही. रेगस ही कंपनी १९८९ साली ब्रसेल्समध्ये सुरू झाली, सुटी ऑफिसं भाड्यानं देण्यातली जुनीजाणती. डॉट कॉमच्या तेजीत त्यांनी अमेरिकेत धडाधड जागा घेतल्या, तेजी फुटली, भाडेकरू गेले, करार राहिले, आणि जानेवारी २००३ मध्ये त्यांच्या अमेरिकेतल्या धंद्याला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. वीवर्कचं तर सगळ्यांना पाठच आहे. जानेवारी २०१९ मध्ये किंमत ४७ अब्ज डॉलर, त्याच सप्टेंबरात शेअर विक्रीचा प्रस्ताव मागे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. गंमत म्हणजे २०१९ च्या कागदपत्रांत त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं की पुढच्या वर्षांत द्यायची भाडी साधारण ४७ अब्ज डॉलर आहेत. किंमत तेवढीच, देणी तेवढीच. आपल्या गल्लीत याला काय म्हणतात ते लिहीत नाही, आई हा ब्लॉग वाचते.

पण रेगसला आणि वीवर्कला एक सोय होती. अमेरिकेच्या त्या कायद्यात नको झालेले करार कोर्टाच्या परवानगीनं सोडता येतात. वीवर्कनं तेच केलं, बऱ्याच जागा सोडल्या, उरलेल्यांची भाडी कमी करून घेतली आणि २०२४ मध्ये कंपनी पुन्हा उभी राहिली. बाणेरच्या भागीदारीला ही सोय नाही. भागीदारी संस्थेत देणं भागीदारांच्या घरापर्यंत येतं. एलएलपी काढलीत, तर मालक वैयक्तिक हमी लिहून घेतो. आमच्या मालकानं त्याहून सोपं केलं, पुढच्या तारखांचे चेक घेतले. ज्यांना 'कलम १३८' हे प्रकरण माहीत नाही त्यांनी जरूर वाचावं. चेक न वटणं हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. करारात छत्तीस महिन्यांचा लॉक-इन होता. तो फक्त आम्हाला. मालक नोटीस देऊन कधीही मोकळा. मी ऑफिसात दहा ओळींच्या कोडवर चार कॉमेंट टाकणारा माणूस, या कराराच्या बावीस पानांवर वीस मिनिटांत सह्या करून आलो. कारण वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ होता.

लॉकडाऊन लागलं तेव्हा मालकाकडे गेलो. गेलो म्हणजे फोन केला. तो अतिशय सभ्यपणे म्हणाला की माझाही बँकेचा हप्ता आहे. खरंच असेल. मार्च ते ऑगस्ट २०२० चं भाडं डिपॉझिटमधून कापलं गेलं आणि डिपॉझिट संपलं. उरलेल्या सात महिन्यांच्या लॉक-इनमधून त्यानं आम्हाला सोडलं, एका अटीवर: इंटिरियरला हात लावायचा नाही. आम्ही आभार मानले! खुर्च्या आणि कॉफी मशीन विकून एक लाख नव्वद हजार आले. पुढच्या वर्षी त्या जागेवर 'फुल्ली फर्निश्ड' अशी पाटी लागली आणि एक कंपनी आली. आमच्या काचा, आमचे दिवे, आमचं फॉल्स सीलिंग. मधे एकदा सिग्नलला थांबलो होतो तेव्हा वर पाहिलं, रात्री आठ वाजता सगळे दिवे लागलेले होते.

दोघांचे मिळून साठ लाखांच्या वर गेले. माझे एकतीस. त्यातले पंधरा घराच्या कर्जावरचा टॉप-अप, ज्याचा हप्ता अजून दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. दहा साठवलेले. आणि सहा बाबांच्या ग्रॅच्युइटीतले. बाबांनी आजतागायत एका शब्दानं विचारलेलं नाही. हे फार वाईट असतं.

आता जरा विचार करा, हे साठ लाख गेले कुठे? ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, करार झाल्या दिवशी. इंटिरियरवाल्याला नव्वद टक्के रक्कम शटर उघडायच्या आधी (आणि पंचेचाळीस दिवसांचं काम त्यानं ऐंशी दिवसांत केलं, पहिले पंचेचाळीस दिवस भाडं माफ होतं, पुढचे पस्तीस आम्ही भुश्श्याच्या ढिगाचं भाडं भरलं). मालकाला दर महिन्याच्या एक तारखेला. वीज मंडळाला बिल आलं की. एका 'को-वर्किंग कन्सल्टंट'ला, ज्यानं आम्हाला सांगितलं की खुर्च्या विकू नका, अनुभव विका. या प्रत्येकाला त्याचे पैसे पूर्ण आणि वेळेवर मिळाले. जोखीम ज्या दोघांची होती त्यांनाच तेवढे मिळाले नाहीत. म्हणून तुम्हाला कोणी 'काढ रे बिनधास्त' म्हणालं, तर तो माणूस या यादीत कुठे बसतो ते आधी बघा.

कम्युनिटी या शब्दावर मला वेगळा लेख लिहायचाय, पण इथे थोडं. आमच्याकडे शुक्रवारी 'चाय पे डेमो' असायचा. लोक यायचे, समोसे खायचे, छान बोलायचे. सोमवारी त्यातलाच एक येऊन सांगायचा की समोर पाचशे रुपये कमी आहेत. माणूस कम्युनिटीसाठी थांबतो, पण पाचशे रुपयांपर्यंतच. आणि त्याचंही बरोबर आहे, त्याचा स्वतःचा क्लायंट तीन महिने पैसे देत नसतो. रोजच्या भानगडी विचाराल तर त्या अशा: एसी बावीस की सव्वीस, फोनवर ओरडणारा रिक्रूटर, मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम करणारा डिझायनर, आणि पार्किंग. पुण्यात पार्किंग! छप्पन्न माणसांना आमच्या वाट्याला चारचाकीच्या दोन जागा होत्या. त्यातल्या एकीत मालकाची इनोव्हा.

को-वर्किंग हा शब्द ज्यानं आजच्या अर्थानं रुजवला तो ब्रॅड न्यूबर्ग, आपल्यासारखाच प्रोग्रॅमर. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं सुरुवात केली. कशी? दुसऱ्यांच्या जागेत, आठवड्यातले दोन दिवस. सकाळी टेबलं मांडायची, संध्याकाळी आवरून ठेवायची. पाच वर्षांचा करार नाही, फॉल्स सीलिंग नाही. त्याला एकटं काम करायचा कंटाळा आला होता म्हणून त्यानं ते केलं, आणि कंटाळ्यावर तेवढाच खर्च योग्य आहे.

बरं, आपल्याकडे हा धंदा यशस्वीपणे चालतच नाही का? चालतो की! सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर, गल्लोगल्ली चालतो. त्याला अभ्यासिका म्हणतात. माझ्या एका ओळखीच्या काकांची आहे. स्वतःचा जुना फ्लॅट, तीन खोल्या, साठ टेबलं. प्लायवुडच्या पार्टिशनमध्ये एक ट्यूबलाईट, एक प्लग, एक पुस्तकांचा कप्पा. चपला बाहेर. भिंतीवर पाट्या, पुणेरी असतात तशा: 'बोलू नये', 'मोबाईलवर बोलणाऱ्याचे पैसे परत मिळणार नाहीत', 'पंखा बंद करायचा असल्यास घरी अभ्यास करावा'. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सहाला येतात, रात्री अकराला जातात, महिन्याचे पैसे आगाऊ देतात. कॉफी नाही, बीनबॅग नाही, शुक्रवारचा डेमो नाही. एकमेकांशी बोलायला बंदी हीच तिथली सुविधा.

२०१९ मध्ये मी काकांना मोठ्या उत्साहानं आमची जागा दाखवायला नेलं होतं. त्यांनी विटांच्या भिंतीला बोट लावून पाहिलं (वॉलपेपर होता), पाणी प्यायले, आणि एकच विचारलं, "भाडं कुणाला देता?" मी सांगितलं. "हं," म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. तो 'हं' मला तीन वर्षांनी कळला. काकांचा धंदा खुर्च्यांचा नाही, त्यांच्या मालकीच्या जागेचा आहे. एखाद्या वर्षी परीक्षा लांबली, निम्मी मुलं गावी गेली, तरी त्यांना कुणाच्या पाया पडावं लागत नाही. साखळीवाल्यांना कोथिंबीर फुकट द्यायला परवडते, काकांच्या परसातच ती उगवते. विकत घेऊन विकणारा मी एकटाच होतो.

हे सगळं मावसभावाला सांगितलं. तो हुशार आहे, गप्प बसणारा नाही. म्हणाला, "दादा, ते तेव्हाचं. आता हायब्रिड आहे. डिमांड प्रचंड वाढलीय. बघ ना, ऑफिस २०२४ मध्ये लिस्ट झाली..." (म्हणजे 'औफिस', ए-डब्ल्यू वालं), "...स्मार्टवर्क्स आणि इंडिक्यूब जुलै २०२५ मध्ये, वीवर्क इंडिया ऑक्टोबरमध्ये. एवढे लोक पैसे घालतायत ते वेडे आहेत का?"

अजिबात वेडे नाहीत. पण भावा, याचा अर्थ तू उलटा लावतोयस. तुझ्या रस्त्यावरच्या भाजीवाल्यांनी शेअर बाजारातून पैसे उभे केलेत. ते आता आणखी मजले घेणार. मागणी वाढलीय हे खरं, पण ती कोणाची? ज्या कंपन्यांना एका फटक्यात दोनशे माणसं बसवायचीत, फायर एनओसीपासून सगळी कागदपत्रं हवीत, आणि हैदराबाद-बंगळुरातही तोच पुरवठादार हवाय, त्यांची. तुझ्या चौसष्ट खुर्च्या त्यांच्या यादीत येतच नाहीत. तुझ्याकडे येणार तो मी २०१९ मध्ये पाहिलेलाच माणूस. हातात ब्रोशर घेऊन.

मग त्याची शीट पाहिली. २,८०० फूट, ८५ रुपये दर, भाडं २,३८,०००. चौसष्ट खुर्च्या, दर ८,२६०. मला तो आकडा विचित्र वाटला. म्हटलं, ८,२६० कसे काढलेस? म्हणाला, "सात हजार अधिक अठरा टक्के जीएसटी." आणि उत्पन्नाच्या रकान्यात? ८,२६० गुणिले चौसष्ट! अरे, ते वरचे १,२६० तुझे नाहीत, सरकारचे आहेत. भाड्यावर तू भरलेला जीएसटी त्यातून वजा होईल, ठीक आहे, पण तो तू खर्चातही धरलेला नाहीस. एका मिनिटात महिन्याचे ८०,६४० रुपये उडाले. आणि फ्रीलान्सर जीएसटी नोंदणीवाला नसेल तर त्याला त्या अठरा टक्क्यांचा परतावा नाही, त्याच्यासाठी तुझी खुर्ची ८,२६० चीच आहे. तो भाव तिथूनच करायला लागणार.

(छोट्या जागा तगतात त्या बऱ्याचदा खुर्च्यांवर नाहीतच. पत्ता भाड्यानं देऊन तगतात: जीएसटी नोंदणीसाठी तुमच्या दारावर पाटी, महिन्याला काही शे रुपये. कायदेशीर आहे. आम्हीही केलं. पण दारावरच्या चाळीस पाट्यांपैकी कोण बोगस बिलं फाडतोय ते तुम्हाला कळत नाही, आणि चौकशीला अधिकारी येतात ते तुमच्याच दारात. त्या उत्पन्नावर पंचवीस लाखांची इमारत उभी करू नये.)

एका गोष्टीत तो बरोबर आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. लोकांना घराजवळ जागा हवी आहे. कोथरूडच्या दोन खोल्यांत सासूबाईंची मालिका, मुलाचा ऑनलाईन क्लास आणि बायकोचा कॉल चालू असताना स्टँडअप कॉल घेणारा माणूस मीच आहे. सहकारनगर, चिंचवड, सिंहगड रोड, सगळीकडे तो आहे. पण तो कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या खिशातून देणार. मी स्वतःला विचारलं, किती देईन? तीन हजार. फार तर साडेतीन, दार बंद होणारी केबिन असेल तर. या दरात ८५ रुपये फुटाचं भाडं बसत नाही. बसायचं असेल तर जागामालकच धंद्यात हवा.

म्हणून मी त्याला एक काम सांगितलं. मंगळवारी टोकन द्यायच्या आधी मालकाला विचार: ठरावीक भाडं नको, उत्पन्नातला वाटा घ्या. पन्नास टक्के घ्या, पंचावन्न घ्या. धंदा चालला तर भाड्यापेक्षा जास्त मिळेल. नाही चालला तर दोघं मिळून सोसू. हे काही मी शोधलेलं नाही, मोठ्या कंपन्या मालकांशी असे करार करतातच, मालक इंटिरियरचा खर्चही उचलतो.

"तो नाही म्हणेल," मावसभाऊ लगेच म्हणाला.

का म्हणेल? ती इमारत त्यानं दहा वर्षं पाहिलीय. आधीचे किती भाडेकरू किती महिन्यांत गेले हे त्याला माहीत आहे. तू त्याला चौसष्ट खुर्च्या नव्वद टक्के भरणार अशी शीट दाखवतोयस, आणि तो म्हणतोय, छान आहे, मला मात्र फिक्स द्या. त्या रस्त्याची सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस तुझ्या धंद्यात एक रुपयाची जोखीम घ्यायला तयार नाही. आणि तू काकांचे पंचवीस लाख घेऊन निघालायस.

यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तू निगेटिव्ह झालायस, दादा. एकदा पोळलास ना." बायकोनं आतून भांडी जरा जोरात ठेवली. मी काही बोललो नाही. पोळलेल्या माणसाचं ऐकू नये असं आपल्याकडे का मानतात, मला कळत नाही. तवा गरम आहे की नाही हे दुसऱ्या कोणाला विचारणार?

तो गेल्यावर मावशीचा फोन आला. "अरे, बरा आहे ना रे धंदा? हे म्हणतायत एफडी मोडू या. तू सांगशील तसं करू." मावशीला ऑक्युपन्सी, लॉक-इन, कलम १३८ काय सांगणार? मी एवढंच म्हटलं, मंगळवारपर्यंत एफडी मोडू नका, आणि त्याला म्हणावं, मालकाला ते विचार. मावशी म्हणाली, "बरं. पण तू त्याला काही बोललास का? जेवला नाही नीट."

रात्री मी 'फायनल व्ही ७' शोधून काढली. दरात ७,५०० च्या जागी ५,८०० टाकले, पार्टनरच्या पगाराची एक ओळ घातली, आज बाजारात त्याला जेवढा मिळाला असता तेवढा. मग खाली तो भागाकाराचा सेल पिवळा केला आणि मावसभावाला मेल केली. सीसीमध्ये माझा जुना पार्टनर. का ते माहीत नाही, बोट गेलं.

मावसभावाचं उत्तर अजून नाही. पार्टनरचं रात्री पावणेबाराला आलं. त्यानं लिहिलं होतं, "डिझेल कमी धरलंयस. उन्हाळ्यात नऊ हजार जास्त जायचे."